उलटा बंब

इंजिन थंड असताना भेग दिसत नाही.
साबणाचं पाणी लावा, टॉर्च धरा, बोट फिरवा,
पत्रा साळसूद.
वीस मिनिटं चालवली, अंग तापलं
की केसाएवढी फट हळूच ओठ उघडते,
आणि जे पाणी इंजिन निववून मागून बाहेर पडायचं
ते आतच, बोटीच्या पोटात, गुपचूप साचत राहतं.

धरणात बुडायला धरणाचंच पाणी आत यावं लागतं
असं मला वाटायचं.
सकाळपासून अकरा बादल्या उपसल्या.
कोमट होत्या सगळ्या.

संस्थेच्या वहीत मी लिहिलं: सायलेन्सर फुटला.
कंपनीच्या पुस्तकात त्याला मफलर म्हणतात.
डिसेंबर आहे. गंगापूरच्या पाण्यावरून वारा असा येतो
की जाळी ओढणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्याला मफलर,
आमच्या बोटीचाच तेवढा गळा उघडा.
हा विनोद मी नानांना दोनदा सांगितला.
त्यांना ऐकू आला नाही.
एकवीस वर्षं या इंजिनाशेजारी बसले ते,
दोन्ही कान इथेच संपले.
आता पेटीवर तळहात ठेवतात,
डोळे मिटतात, म्हणतात,
खोकतेय.

अंबडला मुनाफ वेल्डरनं तो उताणा केला,
स्क्रू-ड्रायव्हरनं टोचला. आरपार.
"ताई, इथं शिवलं तर तिथं उसवेल.
कापडच विरलंय."
पैसे घेतले नाहीत. वर चहा पाजला.
नवा कोचीहून येणार, सहा आठवड्यांनी,
आणि आकडा ऐकून सेक्रेटरी पगारेंनी
फोन माझ्याच हातात परत दिला,
जणू तो फोनच तापला होता.

तांबट आळीत मी गेले ती आईचं पातेलं घेऊन.
सायलेन्सर स्कूटरला बांधलेला तसाच होता.
मुकुंदशेठ वडके पातेलं बाजूला ठेवून
त्याच्याकडेच बघत बसले.
"आतल्या नळीतून धूर?"
हो.
"भोवती पाणी?"
हो.
"मग बंबच की हा. उलटा.
आम्ही आगीनं पाणी तापवतो,
तुम्ही पाण्यानं आग निववता."
आणि पेन्सिल कानामागून काढून
त्यांनी माझ्या पावतीच्या पाठीवर माप लिहिलं.

डाख नको म्हणाले, वितळेल. पितळेचा जोड देऊ.
चार दिवस मठारकाम चाललं.
गेल्या सोळा वर्षांत कुणी बंब मागितला नव्हता,
सगळे गिझरवाले.
शेवटच्या दिवशी त्यांनी तो उन्हात धरला,
ठोक्या-ठोक्यांचा, लालसर,
आणि असं काहीतरी पुटपुटले
की हे कुणाला दिसणारच नाही, आत अंधारात.
मला दिसेल, मी म्हटलं.
"तू आपली माणसं मोज, भांडी नको," म्हणाले.
याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

बसवला. क्लॅम्प आवळले. किल्ली फिरवली.
नानांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ
काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, ही आपली नाही.
आपली असा सूर लावत नाही.

पुढच्या जोडाशी अजून एक थेंब येतो,
साधारण तीन मिनिटाला एक.
पाव फेरा आवळला. येतोच.
खाली स्टीलची वाटी ठेवली आहे.

बिलावर वडक्यांनी लिहिलंय: तांब्याचा बंब, नग एक.
पगारे म्हणतात, आंघोळीचा खर्च संस्था देत नाही.
ते बिल त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, पंचांगाखाली.
परवा वडक्यांचा फोन आला.
मी आधीच माफी मागायला लागले,
तर ते विचारत होते, पाणी तापतं का नीट?

धक्क्याला टेकल्यावर मी इंजिन लगेच बंद करत नाही.
मागच्या पायरीवर नाना बसतात,
धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन,
नळीतून पडणाऱ्या पाण्याखाली पाय धरून.
त्यांना सांगा म्हणाले.
हो, सांगते. तापतं.